माळावरच्या भोकातला आवाज

पुष्पाबाईंची तेरवी झाली आणि त्याच दुपारी विहीर आटल्याचं कळलं. सुतकात मोटर चालवायची नाही, ही घरची रीत. त्यामुळे इतके दिवस विहिरीत कोणी डोकावलंच नव्हतं. आता तळाला नुसता गाळ होता आणि मोसंबीची बाग सुकायला लागली होती.

"बाग तिनं लावली. पाणीबी तीच घेऊन गेली," पुष्पाबाईंचे पती रखमाजी म्हणाले आणि बांधावर बसून राहिले. गावालाही ते पटलं.

त्यांच्या नातवंडांना, सुमितला आणि जालन्याहून सुट्टीला आलेल्या अर्पिताला, ते पटलं नाही. आजी तहानलेल्या कुत्र्यालाही हाकलत नसे. ती झाडांचं पाणी कशी नेईल?

शेजारची सालेहा म्हणाली की सुतकातच वरच्या माळावर मशीन आल्तं. जमिनीखाली कोणतं खनिज आहे ते बघायला त्यांनी खोल भोक पाडलं होतं.

तिघं माळावर गेली. वीतभर रुंद भोकावर नुसता पत्रा होता. सालेहाने तो सरकवून कान लावला. आत खोल कुठेतरी पाणी पडत होतं. विहिरीला येणारा झराच त्या भोकातून खाली जात होता.

पलीकडच्या टेकडीवर मशीनवाल्यांचा मुकादम राधेश्याम होता. मुलांनी त्याला बोलावून आणलं. मागोमाग रखमाजी आणि गावातली माणसंही आली. मोटारसायकलवरून न उतरताच राधेश्यामने सांगितलं की भोक सिमेंटने भरलंय, आवाज वाऱ्याचा आहे.

"भरलंय ना? मंग तुमचं घड्याळ टाका त्यात," सालेहा म्हणाली. "वरच राहील."

राधेश्यामने मनगट दुसऱ्या हाताने झाकलं.

"टाका की काका, लगेच काढून देतो," सुमित म्हणाला.

माणसं हसली. मुकादम खाली उतरला आणि त्याने सिमेंट मागवलं.

रखमाजी भोकाला कान लावून बराच वेळ ऐकत राहिले.

"मी रागावलो व्हतो तिच्यावर," ते म्हणाले. "तिनं तर काहीच न्हाई नेलं."

भोक बुजवल्यावर विहिरीत हळूहळू पाणी आलं. गावाने तिघांचं कौतुक केलं. रखमाजींनी सालेहाच्या डोक्यावर हात ठेवला.

वरची झाडं जगली. खालची ओळ, पुष्पाबाईंनी शेवटी लावलेली, पुरती वाळली. ती झाडं काढून तिथे नवी लावायची आहेत. रखमाजींनी अजून कुऱ्हाड उचललेली नाही.