नव्या नागलीची भाकरी

"मनुष्याच्या सुखाचा उगम बाह्य जगात नसून त्याच्या अंतरंगात असतो!" असं विनोदने वांगणी गावात थोरल्या बहिणीच्या अंगणात पाऊल ठेवताच जाहीर केलं, आणि जीप लागलेली असल्यामुळे लगेच कुडाला धरून सगळं अंतरंग बाहेर काढलं.

तानी पाण्याचा तांब्या घेऊन धावली. सात वर्षं!... ज्या धाकट्या भावाला शिकवण्यासाठी तिने दोनदा आलेली मागणी परतवली, वीटभट्टीवर आपलं तारुण्य करपवलं, त्याने ठाण्यात लग्न करताना सासरच्यांना सांगितलं होतं, घरी कोणी नाही. तरी त्याची पाठ चोळताना तिच्या व्याकूळ हृदयात एकच आर्त इच्छा दाटून आली... आज हा दोन घास खाऊन जाईल ना?

विनोद हल्ली आनंदी जीवनावर व्याख्यानं देत असे. चूळ भरून त्याने वही काढली.

"बाय, एवढ्या कष्टांत तू सुखी कशी? संध्याकाळी जव्हारला व्याख्यान आहे, त्यात सांगायचंय."

"मी सुखी हाय, असं कोनी सांगलं?"

विनोदने हे लिहून घेतलं नाही.

"बरं, जेवून तरी जा. नवी नागली दळलीय."

"चारची जीप गाठायचीय. आणि व्याख्यानाआधी मी हलकंच खातो."

शेजारची फागी कुंपणापलीकडे उभी राहून ऐकत होती. ऐकणं हा तिचा मुख्य व्यवसाय. "हलकंच खातो म्हनं! अरं मास्तरा, घरचं मानूस बाहेर असताना नवं खायचं नाय, इसरलास? सात वर्षं ही देवाला नवं दावती, तुझ्या वाटचं कणगीत ठेवती, नि आपन जुनं खाती! नशीब, नागलीला कीड लागत नाय!"

"तू गप ग, फागे!" तानी ओरडली, पण डोळे केव्हाच फितूर झाले होते...

वाटेवर जीपचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. विनोद उठला... आणि चुलीपुढे जाऊन मटकन बसला. व्याख्यान एकटंच जव्हारला गेलं.

तानीने वाढलेल्या भाकरीचा पहिला घास त्याने खाल्ला, दुसरा बहिणीला भरवला. तानीने डोळे मिटले. सात वर्षांच्या प्रतीक्षेनंतर नव्या नागलीची चव!... अगदी जुनीसारखीच होती. पण अशा वेळी ते कोण बोलतं?

"बाय, जितीजागती बहीण असून कोणी नाही म्हणालो गं मी!... मला क्षमा करशील?"

तानीने पदराने आधी त्याचे डोळे पुसले, मग स्वतःचे.

"केली रं, कव्हाच केली... आता जरा मांडी उचल. फुंकणी तुझ्याखाली हाय, नि चूल इझाया लागली."