देवघरातली चार भोकं

उपनिरीक्षक दीपमालाच्या स्वयंपाकघरातली मांडणी त्या सकाळी दुसऱ्यांदा गिलाव्यासकट खाली आली. पोह्यांत विटेचा लाल भुगा पडला, आणि तेवढ्यात फोन वाजला. गावदेवीचा चांदीचा मुखवटा चोरीला गेला होता. लोखंडी पेटीसकट.

लोणी काळभोरच्या अलीकडचं हे गाव आता पुणे महापालिकेत आलं असलं तरी देवीचा मान जुनाच होता. मुखवटा वर्षभर भावकीतल्या एका घरी राहायचा आणि जत्रेला दुसऱ्या घरी जायचा. जत्रा उद्यावर आली होती. यंदा देवी रंगरावांकडून त्यांच्या चुलतभावाकडे, गेनबाकडे जायची होती.

रंगरावांच्या देवघरात पेटीच्या जागी भिंतीत चार भोकं होती. भोवतीचा गिलावा ठोकून फोडलेला. खाली फरशी मात्र लख्ख.

"केर कोणी काढला?"

"मी," रंगरावांची बायको मुक्ताई म्हणाली. "देवाची जागा हाय. घाण कशी ठिवायची?"

"पुरावा होता तो, मुक्ताबाई. आता मी केरसुणीचे ठसे घेऊ का?"

मुक्ताईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. दीपमाला चडफडत रंगरावांकडे वळली.

"तुम्हाला कधी कळलं?"

"म्या शेजारच्या खोलीत झोपल्यालो. हिनं बोंब मारली तसा अनवाणीच पळत आलो. बगतो तर पेटी न्हाई. पहारीनं उचकटलीया, दिसतंयच की!"

"पायाला काही टोचलं?"

"न्हाई बा."

"आणि शेजारच्या खोलीत पहार चालली, तरी जाग आली नाही?"

"जत्रेच्या कामानं दमल्यालो, म्याडम. पर चोर तर गावतोय न्हवं! गेनबाचा रविराज काल सांजच्याला हितं भिंत चाचपत हुता. आमच्या घरातनं देवी चोरीला गेली म्हंजे आमचा मान गेला, तो कायमचा त्येंचा!"

रविराजला अंगणात दोघांनी धरून बसवलं होतं. शर्टभर पांढरी पूड. पोरगा पोलीस भरतीत निवडला गेला होता, फक्त चारित्र्य पडताळणी बाकी होती. आज गुन्ह्यात नाव आलं की नोकरी गेली. कोपऱ्यात त्याची आई तोंडात पदर कोंबून रडत होती.

दीपमालाचा फोन पुन्हा वाजला. "चौकीसमोर लोक जमलेत," साहेब म्हणाले. "पोराला आत घ्या आणि मोकळ्या व्हा."

"मोकळी काय होते, सर!" असं ती मनात म्हणाली. तोंडानं फक्त "हो सर" म्हणाली. या नोकरीत विचार करायला कोणी पाच मिनिटं देईल तर शपथ.

"ही पूड कसली?" तिनं रविराजला विचारलं.

"आमच्या फ्लॅटच्या भिंतीची, मॅडम. देवी येणार म्हणून ड्रिल मारत होतो. ते पांढरे हलके ब्लॉक, स्क्रू पिळला की नुसता भुगा होतो, पकडच घेत नाही. इथली पेटी गेल्या वर्षी मीच बसवली होती, म्हणून माप बघायला आलेलो."

"कशी बसवली होतीस?"

"पेटीच्या पाठीतून चार अँकर स्क्रू, थेट विटेत. डोकी पेटीच्या आत. बाहेरून पाना लागूच शकत नाही."

"चावी कोणाकडे?"

"काकीच्या गळ्यात. रोजचं हळदीकुंकू तीच वाहते."

दीपमाला तडक देवघरात गेली आणि एकेका भोकात टॉर्च मारून पाहू लागली. मग तिनं सगळ्यांना आत बोलावलं.

"रंगराव, माझी मांडणी आज सकाळी पडली. तिचे स्क्रू वीट फोडून बाहेर आले. भोकाचा नुसता खड्डा झाला. त्याच मांडणीचा एक स्क्रू मी आधी पान्यानं उलटा फिरवून काढला होता. त्या भोकात मात्र स्क्रूनं कापलेले आटे जसेच्या तसे होते. आता तुमची भोकं बघा."

रंगराव वाकले. चारही भोकांत लाल विटेत आटे स्वच्छ दिसत होते.

"पेटी उचकटलेली नाही. सावकाश, आवाज न करता सोडवली. गिलावा नंतर हलक्या हातानं फोडला, दिखाव्यापुरता. स्क्रूची डोकी आत, म्हणजे आधी पेटी उघडावी लागली. नुसता मुखवटा काढला असता तर चावीवरून लगेच कळलं असतं, म्हणून पेटीच नेली."

"म्हंजे चावी चोरली!" रंगराव म्हणाले.

"तुम्ही बोंब ऐकताच अनवाणी धावलात, आणि पायाखाली एक खडा आला नाही. म्हणजे केर बोंबेच्या आधीच निघाला होता. चोरी झाल्यावर केर काढणारं माणूस या घरात एकच आहे. मुक्ताबाई, पेटी कुठंय?"

मुक्ताई भिंतीला टेकून खाली बसली.

"गोठ्यात. कडब्याखाली." मग एकदम उसळली, "मग काय करू? आठव्या मजल्यावर ऱ्हातेत गेनबाची माणसं! वर नवव्याचं न्हाणीघर! देवीच्या डोक्यावर लोकांनी अंगुळी करायच्या? जत्रा झाल्यावर गुपचूप परत ठिवणार हुते. पोराचं नाव घेतील, असं वाटलं न्हवतं मला."

"पण घेतल्यावर तुम्ही गप्प बसलात," दीपमाला म्हणाली. तिला मनापासून चीड आली होती. "त्याचं आयुष्य जात होतं, आणि तुम्ही पदर सारखा करत होतात."

रंगरावांनी मान खाली घातली. हवालदारानं गोठ्यातून पेटी आणली. दीपमालानं साहेबांना फोन लावला. देवी घरातच सापडली, बाहेरच्या कोणाचा संबंध नाही, रविराजचं नाव कुठेही येणार नाही, असं तिनं ठणकावून सांगितलं.

रविराज शर्ट झटकत उभा राहिला.

"काकी, देवघर आत नाही. फ्लॅटला जोडून गच्ची आहे, तिथं बांधतोय. वर उघडं आभाळ. जमिनीवरून भांडण झाल्यापासून तू आमच्याकडे आलीच नाहीस. एकदा विचारलं तरी असतंस."

मुक्ताई हात टेकून उठली.

"चल, मला दाव. आत्ता येते."

"आज नको, काकी," रविराज म्हणाला, आणि आईला उठवायला अंगणात गेला.