उत्तर आल्याशिवाय एंटर नाही

ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल हसावं. पण हे माझ्या सख्ख्या मेहुण्याच्या डोळ्यांदेखत घडलंय, आणि तो थापा मारणाऱ्यातला नाही.

रात्र नव्हती. रविवारची भरदुपार होती. जागा म्हणजे त्याच्या कंपनीतली मशीनची खोली. खिडक्या नाहीत, गार हवा, पंख्यांची अखंड घरघर. तिथल्या उंच मशीनमध्ये साऱ्या कंपनीची माहिती साठवलेली असते.

माझी बायको, म्हणजे त्याची ताई, तीही तिथेच कामाला होती. ती गेली, त्याला वर्ष व्हायचं होतं.

त्या खोलीचा एक नियम. प्रत्येक मशीनला मागे पोर्ट असतात, म्हणजे माहितीची ये-जा करायची दारं. कोणतं चालू, कोणतं राखीव, कोणतं बंद, हे पुढे बसलेला माणूस कमांड टाइप करून ठरवतो. पण आधी तो नंबर मोठ्याने म्हणतो. मागे केबलवर हात ठेवून उभा असलेला तोच नंबर परत म्हणतो. उत्तर आल्याशिवाय एंटर दाबायचं नाही.

एकदा तिथल्या साहेबांनी तसंच दाबलं.

मागे माझी बायको होती. बंद करायचं होतं सात नंबरचं राखीव पोर्ट. साहेबांनी घाईत टाइप केलं तीन. ते चालू होतं. दिवसभर कंपनीचं काम ठप्प.

"हिनेच तीन सांगितलं," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले.

तिची नोकरी गेली. तिचं अन्नावरचं मन उडालं. थोड्याच दिवसांत छातीत कळ आली, आणि संपलं.

तर त्या रविवारी पुढे साहेब, मागे मेहुणा.

"सात," साहेब म्हणाले. "बोल पटकन. बहिणीसारखा घोळ घालू नकोस."

मेहुण्याने राग गिळला. तो तोंड उघडणार, इतक्यात...

"तीन."

बाईचा आवाज. अगदी कानाशी.

"बायकी आवाज काय काढतोस रे?"

"साहेब, मी अजून बोललोच नाही."

साहेब हसले. सात टाइप करून त्यांनी एंटर दाबलं.

सात नंबरच्या पोर्टचा दिवा विझला... आणि पुन्हा लागला.

विझला तीनचा.

"मागे काय केलंस?"

"हातसुद्धा लावला नाही!"

साहेबांनी तीन चालू केलं. चार बंद झालं. मग पाच...

फोन कोकलायला लागला. साहेबांनी स्पीकर लावला. पलीकडे ड्युटीवरचा माणूस. "अहो, इथे सगळं बंद पडत चाललंय!"

"या गाढवाने चुकीचा नंबर सांगितला!" साहेब ओरडले.

बहिणीची गेली तशीच आता मेहुण्याची नोकरी जाणार होती. तोच डाग घेऊन.

आणि पंखे थांबले.

सगळे.

त्या शांततेत कीबोर्ड वाजू लागला. साहेबांचे दोन्ही हात छातीशी होते. तरी स्क्रीनवर अक्षरं उमटत होती...

"खरं सांग." आवाज आता साहेबांच्या खुर्चीमागे होता. "मोठ्याने."

साहेब घामाने निथळत फोनवर वाकले.

"याची चूक नाही... तेव्हा तिचीही नव्हती. तिचं उत्तर यायच्या आधीच मी एंटर दाबलं. तीन मीच टाइप केलं होतं."

पंखे सुरू झाले. एकेक दिवा लागला.

"झालं गं ताई," मेहुणा रडत म्हणाला. "कबूल केलं त्यांनी. जा आता."

कीबोर्ड पुन्हा वाजला. सावकाश...

या वेळी कमांडमध्ये पोर्टचा नंबर नव्हता. साहेबांचं नाव होतं. पुढे एकच शब्द.

बंद.

साहेबांनी किंचाळायला तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

तो अजून फुटलेला नाही. डॉक्टर म्हणतात, घशात काहीच दोष नाही.

कंपनीची माणसं घरी आली, माफी मागून गेली. मला बरं वाटायला हवं होतं.

"ताईने सूड उगवला, भाऊजी," मेहुणा म्हणतो.

पण मी तिच्याबरोबर संसार केलाय. कितीही भांडलो तरी 'चुकलं माझं' म्हटलं, की ती उठून चहा टाकायची. कबुली दिलेल्या माणसाला तिने कधी छळलं नाही.

म्हणून परवा मी त्याला विचारलं, "ती तुला ठोंब्या म्हणायची. तिथे म्हणाली का रे?"

"नाही," तो म्हणाला. "आणि भाऊजी... आवाजही ओळखीचा नव्हता. ताई तर तिला मीच म्हटलं."