चष्म्याच्या डबीतली कोरी सोंगटी

आक्कांनी चष्मा पुसायला डबीतलं फडकं ओढलं, आणि त्याबरोबर एक कोरी सोंगटी टेबलावर पडली. सभागृहात शब्दखेळाच्या वार्षिक स्पर्धेचा उपांत्य सामना चालू होता.

शब्दखेळात कोरी सोंगटी म्हणजे हुकमाचा एक्का. ती कुठल्याही अक्षराच्या जागी चालते, आणि एका संचात अशा दोनच असतात. एक पटावर लागलेली होती. दुसरी आक्कांच्या डबीतून निघाली होती.

"डाव थांबवा!" पंच म्हणाले. "सोंगटी लपवणाऱ्याला आजन्म बंदी. नियम स्पष्ट आहे."

आक्कांचा धाकटा भाऊ खुर्चीतून उठला. तो स्वतः पहिल्याच फेरीत गारद झाला होता. हरलेल्याने सोंगट्या गोळा करायच्या या रीतीप्रमाणे मुकाट्याने त्या गोळा करून तो सकाळपासून बिस्किटं खात बसला होता. यजमान गेल्यापासून आक्का घराबाहेर पडत त्या फक्त या खेळासाठी. तेही बंद झालं तर त्या खचतील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने वहिनीला फोन लावला.

वहिनी खाजगी गुप्तहेर होती. ती आली ती पर्स टेबलावर आपटूनच.

"वन्सं, रडायचं नंतर. डबीला कोणी हात लावला?"

"मी चोर नाही गं," आक्का म्हणाल्या.

"ते मला माहीत आहे. हात कोणी लावला?"

आक्कांसमोर खेळणारे वकीलसाहेब घसा खाकरून म्हणाले, "चहा आला तेव्हा डबी मी बाजूला सरकवली. उघडली नाही. आणि मी या खुर्चीवरून हललेलोही नाही."

"मी उघडली," दंतवैद्य आपणहून पुढे आले. "माझा उपांत्य सामना लवकर संपला, म्हणून इथे बघायला आलो. माझ्या चष्म्यावर वाफ धरली होती. आक्कांना विचारूनच फडकं घेतलं आणि परत ठेवलं. सगळ्यांदेखत. मला लपवायचं काय?"

धाकट्या भावाला, म्हणजे वहिनीच्या भावोजींना, हा सरळपणा भावला. वहिनी दुसऱ्या टेबलाकडे वळली. तिथे औषधदुकानदार तोंड पाडून बसला होता. दंतवैद्यांनी त्याचाच धुव्वा उडवला होता.

"हरलो, पण माणूस भला," तो म्हणाला. "मला म्हणाले, तुम्ही चहा घ्या, सोंगट्या मी भरतो. जिंकूनसुद्धा! असा मोठेपणा कुठे दिसतो हल्ली?"

"खरंच दिसत नाही," वहिनी म्हणाली. "पंचसाहेब, आक्कांच्या टेबलावरची पिशवी ओता."

"अशक्य! पिशवीत हात फक्त खेळाडूने, आपल्या पाळीला घालायचा."

सकाळी एक सोंगटी चहात पडली, तेव्हा याच गृहस्थांनी अर्धा तास खलबत करून निकाल दिला होता : सोंगटी घेतली असं धरावं, चहा मात्र बदलून द्यावा. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

"मग आता पाळी कोणाची?" वहिनीने विचारलं.

पंचांनी पुस्तक चाळलं. "आक्कांची. शब्द लावलाय, सोंगट्या घ्यायच्या राहिल्यात."

"निकाल दिलात?"

"लेखी नाही."

"मग अजून त्या खेळाडूच आहेत. वन्सं, घ्या."

पिशवीत चारच सोंगट्या उरल्या होत्या. आक्कांनी चारही काढून टेबलावर ठेवल्या. त्यातली एक कोरी होती.

"पटावर एक, पिशवीत एक," वहिनी म्हणाली. "या संचातल्या दोन्ही जागच्या जागी आहेत. डबीतली तिसरी. मग ती आली कुठून?"

"दुसऱ्या संचातून!" भावोजी ओरडले. एकदा तरी त्यांना आधी सुचलं होतं.

"शाबास, भावोजी. आज शेवटपर्यंत दोनच टेबलं उरली होती. ती दुसरी पिशवी ओता. तो डाव संपलाय, नियम आड येत नाही."

सोंगट्या दहा-दहांच्या ओळीत मांडल्या. शेवटच्या ओळीत एक कमी भरली, आणि कोरी एकच निघाली.

"वकीलसाहेब जागचे हलले नाहीत. दुकानदार चहाला गेले. राहता राहिले ते एकच. हरलेल्याने सोंगट्या गोळा करायच्या, हे इथल्या नवख्यालाही माहीत आहे. माझे दीर तर दरवर्षी करतात. मग जिंकलेल्याला ती हौस का यावी? एक कोरी बाजूला काढायची होती म्हणून. ती फडक्यात गुंडाळून डबीत गेली. वन्सं दर दोन खेळींनी चष्मा पुसतात, तेव्हा ती बाहेर पडणारच होती. बाकीचं काम पंचांच्या नियमाने केलं. पिशवीला कोणी हात लावणार नाही, यावर तुमची भिस्त होती ना, डॉक्टर?"

दंतवैद्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "दर वर्षी अंतिम फेरीत यांच्याकडूनच हरतो," ते पुटपुटले. "घरी पोरंसुद्धा हसतात."

पंचांनी कोरा कागद पुढे ओढला. "आजन्म बंदी. या वेळी लेखी."

भावोजींना वाटलं, आक्का आता त्या माणसाला चांगलं फैलावर घेतील. त्यांनी घ्यावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण आक्कांनी शांतपणे चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि दुसऱ्या टेबलावर पसरलेल्या सोंगट्यांकडे बोट दाखवलं.

"डॉक्टर, आता तुम्ही हरलात," त्या म्हणाल्या. "गोळा करा."

सगळ्यांच्या नजरेखाली ते एकेक सोंगटी पिशवीत टाकू लागले. आक्का वकिलांकडे वळल्या.

"चला, तुमची पाळी."