ठळक, अधोरेखित, लाल

एका कारखान्याच्या वेबसाइटचं काम मी बघायचे. सूचना टाकायच्या, फोटो बदलायचे, मजकूर ठळक करायचा, तिरपा करायचा, एवढंच. पहिल्या मजल्यावर खिडकीशी माझं टेबल, समोर काचेच्या केबिनमध्ये साहेब, आणि खाली आवारात बॉयलरची खोली. ही नोकरी मला दादानं लावून दिली होती. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. अठरा वर्षं त्यानं तो बॉयलर सांभाळला आणि त्याचीच वाफ अंगावर येऊन गेला.

त्याला जाऊन चार दिवस झाले नाहीत तोच साहेबांनी सगळीकडे सांगून टाकलं की चूक त्याचीच होती. मेलेला माणूस उलटून बोलत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पण तपासाला आलेली सरकारी निरीक्षक बाई खमकी निघाली. तिनं अहवालाचा सारांश वेबसाइटवर टाकायला लावला. त्यात एक वाक्य होतं: ‘सुरक्षा झडप निकामी असल्याचं ऑपरेटरनं दोन वेळा लेखी कळवलं होतं.’

ते वाक्य मी निवडलं. ठळक केलं, खाली रेघ दिली, रंग लाल केला. मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं डोकं तडकलं होतं, म्हणून केलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं.

“मजकूर काढ असं मी म्हणत नाही. तो काढता येणार नाही. पण एवढं बोंबलून कशाला सांगायचं? ठळकपणा काढून टाक.”

“कुणाला खटकलं का?”

“मला खटकलं. बास?”

राजीनामा तोंडावर फेकायला हवा होता. पण घरी अंथरुणाला खिळलेली आई होती. टेबलाशी आले, बटण दाबलं. अक्षरं बारीक झाली. मी स्वतःला शिव्या घातल्या.

दुपारी बैठक होती. आम्ही आठजण होतो. साहेब त्यांच्या नेहमीच्या लोण्यासारख्या आवाजात सारांश वाचत होते. त्या वाक्याशी आले आणि आवाज जड झाला. ते ओरडले नाहीत. एकेक शब्द ठोकून बसवल्यासारखा बाहेर पडत होता. टेबलावरचे ग्लास थरथरले. वाक्य संपलं, आवाज पुन्हा मऊ.

“असे काय बघताय सगळे?” त्यांनी विचारलं.

कोठारवाले काका मान खाली घालून बसले. मला वाटलं, मन खात असेल याचं. खाऊ दे.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, “ती खालची रेघ पण नको. डोळा तिथंच जातो.”

मी रेघ काढली. तासाभरात केबिनमधून आरडाओरडा ऐकू आला. त्यांच्या टेबलाची काच या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरली होती, पट्टीनं आखावी तशी सरळ.

“साहेब, मी आज आत पाऊलच टाकलं नाही,” शिपाई पुन्हा पुन्हा सांगत होता.

संध्याकाळच्या आत नवी काच बसली. घरी निघताना मी आत डोकावले. नव्या काचेवरही तिथंच तशीच रेघ होती. साहेबांनी तिच्यावर फायली पसरून ठेवल्या होत्या.

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी नाही. त्या पानाचा कोड मी ओळ न् ओळ तपासला. त्यात काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ते स्वतः माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. “लाल काढ. माझ्यासमोर.”

मी अक्षरं काळी केली. त्यांचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता. मी वळून पाहिलं. तळहातापासून मनगटापर्यंत तो लाल झाला होता, ओला आणि सोललेला. तो रंग मी एकदाच पाहिला होता, दवाखान्यात दादाला ओळखायला मला नेलं तेव्हा.

त्यांनी हात खिशात घातला.

“सकाळी चहा सांडला,” ते म्हणाले.

चौथ्या दिवशी हाताला रुमाल गुंडाळून आले. “आता पांढरं कर.”

पांढऱ्या पानावर पांढरी अक्षरं. वाक्य राहणार, पण दिसणार नाही.

“साहेब, नका सांगू मला हे,” मी म्हटलं. खरंच सांगते, त्यांच्याच भल्यासाठी म्हटलं.

“तुझ्या भावाचीच गत आहे तुझी. तोही एकच गोष्ट धरून बसायचा. दोनदा हाकलला मी त्याला.”

हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं बोलले ते.

मग मी पुन्हा नको म्हटलं नाही. वाक्य निवडलं. रंग पांढरा. जतन केलं.

वाक्य नाहीसं झालं.

साहेब केबिनमध्ये जाऊन बसले. चष्मा काढून पुसला. घातला. पुन्हा पुसला. मग हात पुढं करून चाचपडत बाहेर आले.

“खिडक्या उघडा. एवढी वाफ कुठून आली?”

खिडक्या उघड्याच होत्या. बाहेर लख्ख ऊन होतं.

“अरे, दार कुठंय?” ते दारातच उभे राहून विचारत होते.

ड्रायव्हरनं दंड धरून त्यांना खाली नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरांना काहीही सापडलं नाही.

मला दया आली नाही. भीती मात्र वाटली. मी ते पान उघडून सगळं परत दिलं: ठळक, रेघ, लाल. जतन केलं. ती जागा पांढरीच राहिली.

दोन दिवसांनी दादाचे कारखान्यातल्या कपाटातले कपडे न्यायला वहिनी आल्या. माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, “ते पान दाखव ना. त्यांच्याबद्दल खरं लिहिलंय म्हणे.”

मला मान वर करवेना. “वहिनी, ते आता दिसत नाही.”

“बघू तर दे.”

त्या खुर्चीत बसल्या. कोऱ्या जागेवर बोट ठेवून सावकाश वाचू लागल्या. “सुरक्षा झडप निकामी असल्याचं ऑपरेटरनं दोन वेळा लेखी कळवलं होतं.”

एका शब्दाचाही फरक नाही. मी त्यांना ते वाक्य कधी सांगितलं नव्हतं.

बोट खालच्या ओळीवर सरकलं.

“तिसऱ्यांदा सांगायला मी वर गेलो, तेव्हा साहेबांनी दार आतून लावून घेतलं.”

सारांशातलं ते शेवटचं वाक्य होतं. त्याच्याखाली पान संपत होतं.

“वहिनी, पुरे,” मी म्हटलं.

त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

“थांब गं,” त्या म्हणाल्या. “अजून बरंच आहे खाली.”