वायरीवरचा बाण

मॉनिटर नवा कोरा. त्याचा दिवा पेटलेला. वायर दोन्ही टोकांना घट्ट बसलेली. आणि तरीही पडद्यावर एकच ओळ: ‘सिग्नल मिळत नाही.’ आता सांगा, घोडं कुठे अडलं असेल?

सोनगावच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत सगळे याच कोड्यावर डोकं खाजवत होते. वर्गाच्या मधोमध बोटेमास्तर उभे होते. मास्तर म्हणजे यंत्रमानव. चाकांवरचं एक कपाट, वर कॅमेऱ्याचे दोन डोळे आणि छातीवर पडदा. त्यांना हात नव्हते, पण पडद्यावर दोन हात उमटायचे आणि खुणांच्या भाषेत (हातांच्या हालचालींनी बोलायची, डोळ्यांनी ऐकायची भाषा) मुलांना शिकवायचे. या बोटांमुळेच गावाने त्यांचं असं बारसं केलं होतं. मागच्या आठवड्यात तो पडदा वयोमानाने विझला. मास्तर शाबूत, बोटं मात्र गायब. आवाज होता, पण या वर्गात त्याचा काय उपयोग?

संध्याकाळी यंत्र-आगाराची गाडी येणार होती. तोवर पडदा सुरू झाला नाही, तर मास्तर मोडीत जाणार, वर्ग बंद होणार आणि मुलांना दूरच्या वसतिगृहात राहावं लागणार. सात वर्षांच्या पुष्करलासुद्धा. पुष्कर हा कनकचा धाकटा भाऊ. रात्री दिवा घालवला की ताईचा हात धरल्याशिवाय त्याला झोप येत नसे.

मॉनिटर आणायला ती उर्मिलाआत्याबरोबर गेली होती. आत्या मोठी शास्त्रज्ञ. अंतराळयानांच्या नियंत्रण कक्षातले पडदे सांभाळून निवृत्त झालेली. सरळ उत्तर द्यायचं नाही, हा तिचा जुना नेम.

“आत्या, तो घेऊ या! सगळ्यात मोठा!” दुकानात शिरताच कनक म्हणाली.

“आणि मास्तर तो छातीवर घेऊन दारातून आत कसे येणार? आधी सांग, पडदा कोण बघणार आणि कुठे बसून?”

कनकने विचार केला. मुलं मास्तरांभोवती अर्धगोल करून बसत. पुष्करची जागा अगदी कडेला.

“मग हा बाजूने बघ,” आत्याने एका चकचकीत मॉनिटरकडे बोट केलं. बाजूने चित्र काळपट दिसत होतं. शेजारच्या मॉनिटरवर तेच चित्र कुठूनही स्वच्छ दिसत होतं. “याला म्हणतात दृश्यकोन (किती तिरकं बसूनही चित्र नीट दिसतं ते माप). आणि पडदा चकचकीत नको. खिडकीचं ऊन त्यात चमकलं, की बोटं दिसायची नाहीत.”

“ह्याचा रिफ्रेश रेट दोनशे चाळीस आहे!” कनकने पाटी वाचली.

“रिफ्रेश रेट म्हणजे पडदा एका सेकंदात किती वेळा नवं चित्र काढतो तो आकडा. तो कमी असला, की भराभर हलणारी बोटं अडखळत दिसतात. पण आपले मास्तर सेकंदाला साठच चित्रं पाठवतात. मग दोनशे चाळीसचा घेऊन उरलेल्यांचं लोणचं घालायचं?”

शेवटी मध्यम आकाराचा, न चमकणाऱ्या पृष्ठभागाचा, साठवाला मॉनिटर ठरला. आत्या दुकानदाराशी भाव करण्यात रंगली, तेवढ्यात वायर निवडली कनकने. मास्तरांच्या पाठीवरचं भोक होतं एचडीएमआय नावाच्या जोडणीचं, खालचे दोन्ही कोपरे तिरपे. मॉनिटरचं होतं डिस्प्लेपोर्टचं, एकच कोपरा कापलेला. कनकने एका टोकाला हे आणि दुसऱ्या टोकाला ते असलेली वायर हुडकून काढली आणि स्वतःवर भलतीच खूश झाली.

आणि आता ही अशी फजिती!

आत्याने मॉनिटर दुसऱ्या संगणकाला जोडून पाहिला; तो ठणठणीत होता. मास्तर कचेरीतल्या भिंतीवरच्या टीव्हीला जोडून पाहिले, तेही ठणठणीत. इतक्यात पुष्करने कनकची बाही ओढली. त्याचे हात भराभर हलू लागले. कनक बघतच राहिली. जेव, झोप, चल, असं त्याला खुणांनी सांगायला ती शिकली होती. पण त्याचे हात बोलू लागले, की तिला काही म्हणता काही कळत नसे. पुष्करने पुन्हा खुणा केल्या. मग रडवेला होऊन पाय आपटला.

“कनक,” बोटेमास्तर म्हणाले, “तो म्हणतोय, वायरीवर बाण आहे आणि तो उलट्या दिशेला आहे.”

आत्याने चष्मा वर करून वायर डोळ्यांजवळ धरली. खरंच, टोकावर नखाएवढा बाण होता, डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणारा. “शाब्बास रे पठ्ठ्या! आणि मी म्हातारी इतका वेळ काय बघत होते?”

“पण दोन्ही टोकं बसली ना?” कनक म्हणाली.

“बसणं वेगळं, समजणं वेगळं. मास्तरांचं एचडीएमआय चित्राचे ठिपके ओळीने, न थांबता पाठवतं. डिस्प्लेपोर्ट तेच ठिपके पुडक्यांमध्ये बांधून पाठवतं. म्हणजे भाषा दोन. डिस्प्लेपोर्टवाल्या बऱ्याच संगणकांना दोन्ही भाषा येतात, म्हणून तिकडून इकडे साधी वायर चालते. मास्तरांना मात्र एकच येते. त्यांचं बोलणं या मॉनिटरला कळायला मध्ये दुभाष्या हवा. त्याला म्हणतात परिवर्तक (एका प्रकारचा सिग्नल दुसऱ्या प्रकारात बदलणारं यंत्र). तो स्वतः काम करतो, म्हणून त्याला वेगळी वीज लागते.”

कनकने वायर हातात घेऊन बाणावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, “आत्या, मीपण त्या वायरीसारखीच आहे. माझ्याकडून पुष्करकडे जातं, त्याच्याकडून माझ्याकडे येत नाही.”

आत्याने तिला नुसतं जवळ घेतलं. मग पाठीवर थाप मारून म्हणाली, “पळ आता! दुकान बंद होईल.”

कनक सायकलवरून सुसाट गेली. वायर बदलून परिवर्तक घेतला आणि ‘मास्तरांकडून मॉनिटरकडे’ हीच दिशा आहे ना, हे दुकानदाराला दोनदा विचारलं. परतली तेव्हा आगाराची गाडी फाटकात उभी होती.

आत्याने परिवर्तक जोडला, त्याचं विजेचं शेपूट खोचलं. पडदा क्षणभर काळा राहिला. मग त्यावर दोन हात उमटले.

मुलं टुणकन उभी राहिली. सगळ्यांचे तळवे हनुवटीपासून पुढे आले, म्हणजे आभार! पडद्यावरच्या हातांनीही तीच खूण केली, पुष्करकडे वळून. कनकला रडू फुटलं. एवढं गोड ‘सिग्नल मिळाला’ तिने कधी पाहिलं नव्हतं. गाडीवाल्या काकांनी दारातून डोकावून पाहिलं आणि रिकामी गाडी वळवली.

“मास्तर, उद्यापासून मी येऊ वर्गात?” कनकने विचारलं. “मला खुणा वाचायला शिकायचंय.”

“उद्यापासून कशाला? समोर बघ.”

समोर पुष्कर उभा होता. या वेळी त्याने हात सावकाश हलवले. आधी स्वतःकडे बोट दाखवलं. मग दोन्ही हातांची बोटं टोकांशी जुळवून छप्पर केलं.

“तो म्हणतोय...” मास्तरांनी सुरुवात केली.

“थांबा, मास्तर! सांगू नका.” कनकने डोळे पुसले आणि पुन्हा एकदा त्या छपराकडे पाहिलं. “तो म्हणतोय, मी घरीच राहणार.”

मग तिने आपला तळवा हनुवटीला लावला आणि भावाकडे पुढे केला.