म्हसोबाच्या ओढ्यातली काळी गाडी

"गाडी कशी पायजे? लांबून दिसली की मान्सं बाजूला झाली पायजेत!"

असं म्हणून तानाजीरावांनी काळ्या गाडीच्या बॉनेटवर जोरात थाप मारली. मे महिन्यातलं ऊन, त्यात गाडी काळी. हात चांगलाच भाजला. पण चारचौघांत ते कबूल करतील ते तानाजीराव कसले! त्यांनी हात हळूच खिशात घातला आणि तिथल्या तिथे चोळला.

त्रिंबकने ते नेमकं पाहिलं आणि तो फिस्सकन हसला.

"हसतो कावून बे?"

"कुठं काय काका! गाडी लई भारी हाय, म्हनून हसलो!"

पिंपळखोरीच्या शाळेच्या मैदानात आज दोन गाड्या उभ्या होत्या आणि त्यांतली एक गावाला निवडायची होती. गाडी हवी होती काळदरा वस्तीवरच्या मुलांसाठी. वस्ती डोंगरावर. तिथे जायचं म्हणजे आधी म्हसोबाचा रेतीचा ओढा, मग दगडगोट्यांची चढण आणि वर एक अवघड वळण. गेल्या पावसाळ्यात शाळेचा टेम्पो त्या ओढ्यात रुतला तो रुतलाच, आणि वस्तीवरच्या तीन मुलींची शाळा तिथेच संपली. चौथी वैष्णवी. ती मात्र पायी येत राहिली. आता ती आठवीत जाणार होती, पण तिच्या वडिलांनी, अंगददादांनी, निक्षून सांगितलं होतं, "गाडी माझ्या दारात उभी दिसली तर शाळा. न्हाई तर बास झालं. वढ्याला पानी आलं की रोज जीव टांगनीला लावून म्या न्हाई बसनार."

म्हणून वैष्णवी सकाळीच डोंगर उतरून आली होती. त्रिंबक आणि रुद्राणी हे तिचे वर्गमित्र तिच्यासोबत क्रिकेट खेळण्याचं सोंग करत मैदानातच घुटमळत होते.

गाडी निवडायला पाच जणांची समिती होती. तानाजीराव तिचे अध्यक्ष. ते बोलले की माना डोलवायच्या, एवढंच तिघांना काम. पाचवे होते रुद्राणीचे आजोबा, किराणा दुकानवाले धोंडप्पा. ते मान डोलवत नसत, पण तोंडही उघडत नसत. अशी ही समिती!

काळी गाडी आणली होती उत्तरेश्वरने. हा जुन्या गाड्यांचा दलाल. डोळ्यांवर गॉगल, बोटात गाडीची किल्ली गरगर फिरवायची आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'साहेब' म्हणायचं, एवढ्या भांडवलावर त्याचा धंदा चालत असे. गाडीच्या मागे 'फोर बाय फोर' असं चकाकत्या अक्षरांत लिहिलेलं होतं.

"म्हंजी चारी चाकांना इंजिनाची ताकद, साहेब! रेती म्हनू नका, चिखल म्हनू नका!"

"बघा!" तानाजीराव म्हणाले. तिघांनी बघितलं आणि माना डोलवल्या.

दुसरी गाडी लिंबाच्या सावलीत उभी होती. ताडपत्रीच्या छताची बुटकी जीप. रंग कधीकाळी हिरवा असावा. ती वडवणीच्या राधाकिशनरावांची. डोंगरातल्या त्यांच्या सीताफळांच्या बागेत ती वर्षानुवर्षं चढली-उतरली होती. गुडघे दुखायला लागले म्हणून ते ती विकायला निघाले होते, पण विकणाऱ्याची जीभ गोड असावी लागते, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नव्हतं.

"ह्यात गादी बी न्हाई का?" तानाजीरावांनी नाक मुरडत विचारलं.

"गादी पायजे असंल तर घरी झोपा की," राधाकिशनराव म्हणाले.

"हे डबडं! ह्यात बसून चार गावांत काय इज्जत राहील माझी?"

"पन काका," वैष्णवी न राहवून बोलली, "बसायचं तर आमाला हाय!"

"लहान तोंडी मोठा घास! पोरींनी मधी बोलायचं न्हाई!" तानाजीराव कडाडले.

खरं कारण आख्ख्या गावाला माहीत होतं. मुलांना गाडी लागणार सकाळी आणि संध्याकाळी. मधल्या वेळात ती कुणाच्या फाटकात उभी राहणार आणि कुणाकुणाच्या लग्नाला जाणार, हे शेंबडं पोरसुद्धा सांगू शकलं असतं. माहीत सगळ्यांना होतं, बोललं मात्र कुणीच नाही. मोठी माणसं म्हणे शहाणी असतात!

वैष्णवीचे डोळे भरून आले. ते लपवायला तिने समोर आलेला चेंडू रागाने टोलवला. चेंडू टप्पे खात थेट काळ्या गाडीखाली गेला.

"मी आनतो!" म्हणत त्रिंबक सरपटत गाडीखाली शिरला. चेंडू मिळाला, पण तो बाहेर येईना.

"झोपला का रे?" रुद्राणीने विचारलं.

त्रिंबक धुळीने माखून बाहेर आला आणि काही न बोलता तसाच पळत जाऊन जीपखाली घुसला! मग डोकं बाहेर काढून त्याने दोघींना हळूच जवळ बोलावलं.

"ऐका! ह्या जीपला मधल्या पेटीतून दोन लोखंडी दांडे निघतेत. एक मागच्या चाकांकडं जातो आन् एक पुढच्या. दांडा फिरला की चाक फिरतं, बरुबर?"

"बरुबर. मग?"

"त्या काळीला एकच दांडा हाय! मागच्या चाकांकडं. पुढं कायच न्हाई!"

"मग पुढच्या चाकांना ताकद कोन देतं? तानाजीकाका?" रुद्राणी म्हणाली.

तिघेही पोट धरून हसले. पण वैष्णवीचं हसू लगेच मावळलं. "म्हंजी ती अक्षरं नुसती चिटकवलेली हायेत! टेम्पो बी मागच्याच चाकांवर चालायचा. ही पन वढ्यातच बसंल."

तिघे तडक तानाजीरावांकडे गेले. त्रिंबकने सगळं नीट सांगितलं. तानाजीरावांनी ते पुरतं ऐकलंही नाही.

"गाडीखाली शिरलता? ओरखडा पडला म्हंजी? चला, व्हा बाजूला!"

उत्तरेश्वर मात्र क्षणभर गडबडला. मग त्याने गॉगल नीट केला. "बाळा, नव्या गाड्यांत दांडा नसतो. समदं आतून असतं. कंप्युटरवर!"

"बघा! कंप्युटरवर!" तानाजीराव म्हणाले. कंप्युटर म्हटल्यावर तिघांनी नेहमीपेक्षा जास्तच माना डोलवल्या.

"मग एकदा वढ्यात घालून दावा की!" रुद्राणी म्हणाली.

"सौदा झाल्याशिवाय न्हाई, साहेब. माझा नेमच हाय तसा."

"बरुबर हाय!" तानाजीराव म्हणाले. "आता गाडीची पूजा करू आन् इसाराचे पैसे देऊन टाकू. नारळ, लिंबं आना रे कुनीतरी!"

"अप्पाच्या दुकानातून आमी आनतो!" रुद्राणी पटकन म्हणाली आणि दोघांना ओढत निघाली.

"तू पन त्याला लिंबं देनार?" वैष्णवी चिडून म्हणाली.

"अगं येडे, पूजा झाली की लिंबं कुठं ठेवतेत?"

"चारी चाकांम्होरं. मग गाडी त्याच्यावरून न्यायची."

"आन् ती पूजा मैदानाच्या ऐवजी म्हसोबाच्या वढ्यात केली तर?"

वैष्णवी थबकली. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "रेतीत! मागची चाकं फिरली तरी पुढची फिरनार न्हाईत!"

"पन तानाजीकाका वढ्यात येनार कावून?" त्रिंबकने विचारलं.

"ते माझ्यावर सोड," रुद्राणी म्हणाली. "त्या मानसाला समजावता येत न्हाई, पन फुगवता लई लवकर येतं."

नारळ-लिंबं घेऊन ती परतली आणि अगदी भाबडा चेहरा करून म्हणाली, "काका, इथं फोटोत मागं शाळेची मुतारी येनार हो! म्हसोबाच्या वढ्यात गाडी उभी केली तर मागं आख्खा डोंगर येईल. तुमी, गाडी आन् डोंगर! गाडी रोज त्याच वाटंनं जानार, तर म्हसोबाला बी आधी दाखवायला पायजे ना?"

तानाजीरावांनी मागे वळून मुतारीकडे पाहिलं. मग डोंगराकडे पाहिलं. "म्या तेच म्हननार होतो!"

"वढ्यात कशाला, साहेब? रेती लई हाय..." उत्तरेश्वर घाबराघुबरा झाला.

आणि सकाळपासून गप्प बसलेले धोंडप्पा पहिल्यांदा बोलले. "कावून? रेती म्हनू नका, चिखल म्हनू नका, असं कोन म्हनलं होतं मगाशी?"

उत्तरेश्वर किल्ली फिरवायचं विसरून गाडीत बसला.

उतारावरून काळी गाडी आपसूक ओढ्यात आली आणि मधोमध भुसभुशीत रेतीत थांबली. अर्धं गाव काठावर जमलं. राधाकिशनरावही जीप घेऊन तमाशा बघायला आले. हार घातला, नारळ फोडला. तानाजीरावांनी बॉनेटला टेकून, हात बांधून, मान वर करून फोटो काढून घेतले. वैष्णवीने चारी चाकांपुढे एकेक लिंबू ठेवलं.

"चालव!" तानाजीराव गरजले.

इंजिन गुरगुरलं. मागची चाकं गर्रकन फिरली, मागची दोन्ही लिंबं चिरडून रेतीत गेली, पण गाडी तसूभरही हलली नाही!

"चार चाकांचा गियर टाका की!" त्रिंबक ओरडला.

"टाकलाय!" उत्तरेश्वर आतून ओरडला आणि त्याने एक दांडी उगीचच खडखड हलवली.

"ढकला रे!" म्हणत तानाजीराव हुकूम सोडायला गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. उत्तरेश्वरने जीव खाऊन अ‍ॅक्सिलरेटर दाबला. मागच्या चाकांनी रेतीचा असा फवारा उडवला की तानाजीरावांचा कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, मिशा, नाक, तोंड सगळं एका रंगाचं झालं! काठावर हशा पिकला. गाडीची मागची बाजू खाली खाली जात रेतीत बसली आणि इंजिन बंद पडलं.

"थू थू... रेतीच खराब हाय!" तानाजीराव म्हणाले.

"रेती खराब न्हाई, काका," वैष्णवी शांतपणे म्हणाली. "समद्यांनी पुढं या. पुढची चाकं बघा."

सगळे पुढे आले. पुढच्या चाकांसमोर दोन पिवळीधमक लिंबं होती तशीच बसून होती! त्यांच्यावरचं कुंकूसुद्धा पुसलं गेलं नव्हतं.

"चारी चाकांना ताकद असती, तर मागचं फिरताना पुढचं एक तरी चाक फिरलं असतं ना? लिंबाला धक्का बी न्हाई लागला!"

धोंडप्पांनी एक लिंबू उचलून उत्तरेश्वरसमोर धरलं. "काय हे?"

"रेतीमुळं सेन्सर..." उत्तरेश्वर चाचरला.

"लिंबात पन कंप्युटर हाय का हो?" त्रिंबकने विचारलं.

आता तर माना डोलवणारे तिघेही हसले. उत्तरेश्वरने गॉगल काढला. गॉगलशिवाय तो अगदीच किरकोळ दिसत होता. "ती अक्षरं म्या न्हाई लावली. आधीच्या मालकानं लावलती..."

"आन् तुला म्हाईत होतं," धोंडप्पा म्हणाले.

"म्हंजी सौदा... जरा इचार करावा लागंल," तानाजीराव तोंडातली रेती थुंकत म्हणाले. "मला आधीपासून शंका होतीच!"

यावर कुणी हसलंदेखील नाही. तेवढीही त्यांची किंमत उरली नव्हती.

राधाकिशनरावांनी जीप रेतीत उतरवली. चारी चाकांचा गियर टाकला, दोर बांधला आणि घुर्रर्र करत ती काळी गाडी काठावर ओढून काढली. "बोला, डबडं म्हनलं होतं कोन?"

"आमचंच चुकलं," धोंडप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "डोळे आमाला बी होते, तोंड बी होतं. पन गाडीखाली शिरलं ते हे पोरगं, युक्ती काढली ती आमच्या रुद्रानीनं आन् खरं बोलली ती वैष्णवी. शाबास! समितीत तुमालाच बसवायला पायजे होतं! पन आधी ही जीप वस्तीवर चढवून बघू. मगच सौदा."

जीप निघाली. पुढे राधाकिशनरावांशेजारी धोंडप्पा, मागे तिघं मुलं. आणि तानाजीराव? 'अध्यक्ष पायजेतच' म्हणत तेही मागे कोंबून बसले. गादी नव्हती. प्रत्येक दगडाला त्यांचा 'आई गं!' ऐकून त्रिंबक मोठ्याने म्हणे, "अजून लई दगडं हायेत, काका!" टेम्पो रुतला होता ती जागा मागे पडली. चढणीवर चाकांखालून गोटे निसटले, पण जीप न घसरता चढत राहिली. वरच्या वळणावर तर ती एका दमात वळली. वैष्णवीने श्वास रोखून धरला होता, तो तिथे सोडला.

हॉर्न ऐकून अंगददादा बाहेर आले. जीप त्यांच्या दारात उभी होती. ते तिच्याभोवती एक चक्कर मारून आले, वाकून चाकं पाहिली, मग खालच्या वाटेकडे पाहिलं.

तानाजीराव कंबर धरत उतरले, सदरा झटकला आणि भाषणाला उभे राहिले. "तर मंडळी, मी ही गाडी निवडताना..."

अंगददादांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. "अप्पा, शाळा उघडली की सकाळी किती वाजता येनार ही?"

"मला इचारू नको," धोंडप्पा म्हणाले. "वैष्णवीला इचार. बसायचं तिला हाय."

अंगददादांनी लेकीकडे पाहिलं. तिच्या केसांत, भुवयांत ओढ्याची रेती भरली होती. त्यांनी ती हाताने हळूच झटकली आणि विचारलं, "बोल. किती वाजता तयार ऱ्हायचं?"